मान्यवरांचे एमबी

काशीरामशेठनी फोन संजनाच्या नाकासमोर धरला. वेबसाइटवरून उतरवून घेतलेला त्यांचाच फोटो त्यात हसत होता. शेठनी तो अंगठ्याने वर सरकवला, तशी खाली बारीक अक्षरं आली.

“वाच.”

“एकशे ऐंशी केबी,” संजना म्हणाली.

“आता खजिनदाराचा वाच.”

“दोनशे दहा.”

शेठनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि चष्मा काढून त्याच्यावर ठेवला. ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत विषय गंभीर असल्याची ही खूण होती.

“मंडळाचा अध्यक्ष कोन हाय?”

“तुम्ही, काका.”

“मंग हरेश माझ्यावर तीस केबी कसा?”

“त्यांनी फोटो आंब्याखाली काढलाय. पानं खूप आहेत. तुमच्या मागे कोरी भिंत आहे. फाइल लहान करताना भिंत चांगली आवळली जाते, पानं नाही जात.”

ही भिंत कोणी निवडली, हे शेठनी आठवून पाहिलं. त्यांनीच निवडली होती.

पनवेलला खेटून असलेल्या त्या गावाने हळदी-लग्नांसाठी नवं सभागृह बांधलं होतं. त्याची वेबसाइट संजनाने केली होती. पहिल्या पानावर तेवीस मान्यवर होते. लग्नाच्या फोटोग्राफरने भारी कॅमेऱ्याने काढलेला त्यांचा एकेक फोटो अठरा एमबीचा होता. सहा-सहाच्या चार ओळी करताना शेवटचा चौकोन रिकामा राहिला, म्हणून तिथे सखूबाईला बसवलं. सखूबाई गावची धवलारीण, लग्नात धवले म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी गाऊन विधी लावणारी. तिचा फोटो नातीच्या जुन्या फोनवर काढलेला आणि चार जणांच्या फोनांतून फिरून आलेला. एकोणचाळीस केबी.

एवढे अवजड फोटो घेऊन पान उघडेना, तेव्हा संजनाने वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप केली, की तयार कोड लायब्ररीच्या मदतीने तो फोल्डरमधला प्रत्येक फोटो उचले, रुंदी कमी करी, आवळून परत ठेवी. पन्नास केबीच्या आतल्याला तो हात लावत नसे. अध्यक्ष कोण आणि खजिनदार कोण, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. घोटाळा तिथेच झाला होता.

“जुने फोटो घाल,” शेठ म्हणाले. “माझा घाल, बाकीच्यांचेबी घाल. कुनाला कमी वाटाया नको.”

“काका, दिसायला दोन्ही सारखेच दिसतात.”

“दिसन्याचा प्रश्न नाय. बॅनरवर माझा फोटो चार फूट असतोय. हितं मी एकशे ऐंशी?”

“पण साइट उघडणारच नाही. रविवारी सगळं गाव बघणार आहे.”

“बॅनर लावताना आमी वारा विचारतो काय?”

संजनाने ‘मान्यवर’ नावाचं वेगळं फोल्डर केलं, तेवीस जुने फोटो त्यात घातले आणि प्रोग्रॅमला एकविसावी ओळ जोडली. या फोल्डरला हात लावू नये.

घरी तिचे वडील सुदाम जेवताना म्हणाले, “द्रोणागिरीच्या गोदामातनं तुझ्या नोकरीसाठी परत फोन आलता. कॉम्प्युटरवर एंट्री मारायची. सोमवारी कळवतो बोललोय.”

“पप्पा, रविवार तर होऊ द्या.”

“होऊ दे की. गावासमोर साइट चालली, तर कर तुझं घरी बसून. नाय चालली, तर गोदामाची बस सात वाजता नाक्यावर येते.”

रविवारी सभागृह भरलं. शेठनी स्वतःच्या फोनचं नेट दिलं आणि पडद्यासमोर उभं राहून कळ दाबली. सभागृहाचं नाव आलं. खाली चोवीस चौकोन आले, चौकोनांखाली नावं आली. चौकोन करडे होते.

सगळे थांबले. सुदाम तिसऱ्या रांगेत आपल्या चपलांकडे बघत होते.

मग शेवटच्या चौकोनात सखूबाई उगवली, गाता गाता तोंड उघडं राहिलेली.

बाकी तेवीस करडेच होते. बऱ्याच वेळाने शेठच्या चौकोनात वरून एक पट्टी उतरली. तिच्यात भिंत होती.

कोणीतरी खोकलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एका आजींचा आवाज आला.

“बराबर हाय की! धवलारीण आल्याबिगर लगीन लागतंय काय?”

सभागृह हसलं आणि सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. सखूबाई सतरंजीवर बसली होती. तिने पदर सावरला. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत म्हणजे आता सुरू करायचं, एवढं तिला ठाऊक होतं. तिने धवला लावला. तो संपेपर्यंत पडद्यावरची भिंत शेठच्या केसांना टेकली होती.

शेठनी माइक ओढला.

“हे आमी मुद्दाम तसंच ठेवलंय,” ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. आतल्या पानांवरचे हॉलचे आणि भटारखान्याचे आवळलेले फोटो मात्र झरझर उघडले, आणि दोघांनी तिथल्या तिथे फेब्रुवारीच्या तारखा विचारल्या. सुदामनी मान वर केली.

सोमवारी सकाळी शेठ संजनाकडे एकटेच आले. फोन खिशातच होता, चष्मा नाकावर.

“सखूबाईचा किती हाय?”

“एकोणचाळीस.”

“मला चाळीस कर.”

“अडतीस पण होईल, काका.”

शेठनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

“तिच्याआधी नको.”

“चेहरा जरा धूसर येईल.”

“गाव वळखतोय मला.”

दुपारी हरेश येऊन एक्केचाळीस घेऊन गेले. त्यांच्या आंब्याची पानं एकमेकांत मिसळून हिरवी चटणी झाली. ती त्यांनी चालवून घेतली. त्यांच्यामागे चिटणीस आले, मग सल्लागार. संध्याकाळी संजनाने एकविसावी ओळ पुसून टाकली.

दारात सुदाम उभे होते. त्यांनी आत येऊन शर्टाच्या खिशातून स्वतःचा पासपोर्ट साइझचा फोटो काढला, मांडीवर घासून पुसला आणि कीबोर्डवर ठेवला.

“गोदामवाल्यांना नाय म्हनून कळवलं,” ते म्हणाले. “पंचविसावा चौकोन निघंल ना गं?”