राफिलाच्या मागे सोक फुलला
राफिला गेली मार्चमध्ये, ओढ्यावरचं बर्फ फुटत होतं तेव्हा. जूनमध्ये कुरणाच्या कडेचं सोकचं झाड पांढऱ्या गुच्छांनी लगडलं, आणि गावाच्या ध्यानात आलं की यंदा औषधाची फुलं खुडायला कुणी नाही. तीस वर्षं ताप-खोकला झाला की जो तो तिचंच दार वाजवायचा.

मी तिची शेजारीण. माझे गुडघे गेलेले, चढ चढवत नाही. म्हणून तिच्या नवऱ्याला गाठलं. गाव्रिला लोहार माणूस. बायको गेल्यापासून नुसता अंगणात बसून असायचा.

"गाव्रिला, फुलं आण."

"मी? वार्वारा, मी घोड्यांना नाल ठोकतो."

"मग? फुलं ऐरणीवर ठेवू नकोस म्हणजे झालं."

"कशी खुडतात तेही मला ठाऊक नाही."

"तीस वर्षं घरात काय डोळे मिटून होतास? दव वाळलं की जा. देठासकट गुच्छ काप. झटकू नकोस, धुऊ नकोस; ती पिवळी भुकटी, तेच औषध. आणि झाड ओरबाडू नकोस, पाखरांना फळं लागतात."

पुटपुटत गेला. हातात तिचीच परडी.

पुढचं त्यानंच मला सांगितलं. फांदी कापण्याआधी राफिला झाडाशी काहीतरी बोलायची. काय, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "मी राफिलाचा नवरा." मग कापू लागला. ऊन चढलं, मधमाश्या गुणगुणत होत्या, वास दुधासारखा दाट झाला. तो खोडाला टेकला. सोकखाली झोपू नये, मुळाशी राहणारं भूत माणसाचं मन हिरावून नेतं, असं म्हातारे सांगतात. त्याचा डोळा लागलाच.

स्वप्नात सगळं फिकट पिवळं होतं. राफिला दिसली नाही. झाडाच्या पलीकडून फक्त कात्रीचा आवाज येत होता, कच, कच, सावकाश. हाक मारावी असंही त्याला वाटलं नाही. आवाज येतोय, तेवढं पुरे होतं. किती वेळ ते कुणास ठाऊक.

जागा झाला तेव्हा बाह्यांवर पिवळी भुकटी सांडली होती आणि परडी होती तशीच, अर्धी.

"मदत काही केली नाही तिनं," मला म्हणाला, आणि मार्चनंतर पहिल्यांदा हसला.

फुलं त्यानं माळ्यावर सावलीत चादरीवर पसरली. दिवसातून तीनदा कुंपणाशी यायचा. "काळी पडली तर?" "उलटू का?" मी म्हणायची, "अरे, फुलं आहेत, तान्हं मूल नव्हे."

फेब्रुवारीत माझी नात सालोमिया तापानं फणफणली. बर्फानं रस्ता बंद, डॉक्टर घाटाखाली अडकलेला. गाव्रिला पुडी घेऊन सकाळीच आला. स्वतः पाणी उकळलं, फुलं टाकून झाकण ठेवलं, आणि गाळून पोरीला गरम गरम पाजलं. दुपारपर्यंत तिला दरदरून घाम फुटला. मी दोनदा तिचा झगा बदलला. तो खाटेशी बसून राहिला, हलला नाही. संध्याकाळी कपाळ गार लागलं. गाव्रिलानं तिच्यापुढे दुसरा पेला धरला.

"गाव्रिलाआजोबा, कडू आहे. मध घाला," सालोमिया म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "राफिला किती घालायची?"

मला माहीत होतं. "तूच ठरव," मी म्हटलं.

त्यानं थोडा विचार केला आणि दोन चमचे घातले.