ड्राइव्ह गेलाय

बायको कामावरून घरी आली तेव्हा नवऱ्याच्या खांद्याच्या एमआरआयची सीडी टेबलावर होती. तिने पर्स ठेवली न ठेवली तोच तो म्हणाला, "कॉम्प्युटरवर बघता नाही यायची हं. ड्राइव्ह गेलाय."

तिने काही विचारलंच नव्हतं.

ती ग्रंथालयात कामाला होती. न विचारता दिलेली उत्तरं तिच्या टेबलापाशी रोज यायची. 'पान आधीच फाटलेलं होतं, बाई.' अशा वेळी ती हसून मान डोलवायची आणि पुस्तक उघडून बघायची. आताही तिने मान डोलावली. मागच्याच आठवड्यात तिने त्या ड्राइव्हवर भाचीच्या लग्नाची सीडी पाहिली होती. शिवाय हा माणूस छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावायचा, घरचा मिक्सरसुद्धा स्वतः उघडून बसायचा. तो ड्राइव्हला हात लावत नाही? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर सीडीही नव्हती; ती गेली कुठे?

रविवारी तो केस कापायला बाहेर पडला. तिने लगेच कॉम्प्युटर लावला. ड्राइव्हचं चिन्ह नव्हतं. जोडलेल्या भागांची यादी असते त्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिलं, तिथेही नाव नाही. बंद करून पुन्हा सुरू केला, तरी तेच. मग तिने ड्राइव्हचं बटण दाबलं, तर ट्रे सुळकन बाहेर आला. तिने भावाला फोन लावला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"ट्रे येतोय ना, ताई? म्हणजे वीज पोचतेय. डेटाची वायर वेगळी असते, बारीक, चपटी. ती निसटली असेल. पण भाऊजींना सांग की."

"ते बाहेर गेलेत."

"मग येऊ दे त्यांना."

"तू मला सांगतोस का?"

भावाचा सूर एकदम सरळ झाला. "आधी बंद कर, प्लग काढ. मग बाजूचं झाकण उघड."

झाकणाचे स्क्रू हातानेच फिरले. आत धूळ होती आणि धुळीत बोटांचे ठसे. भाऊ म्हणाला ती बारीक, चपटी वायर, लाल रंगाची, ड्राइव्हपासून काढलेली, नीट घडी घालून रबरबँड लावलेली. आपोआप निसटलेली वायर स्वतःला रबरबँड लावून घेत नाही. सीडीत एमआरआयच आहे ना, की भलतंच काही?

तिने वायर खोचली, कॉम्प्युटर सुरू केला. ड्राइव्ह दिसला. सीडी त्याच्या शर्टांच्या घडीखाली सापडली. पडद्यावर करडी चित्रं उमटली, एकामागून एक. खांदा, हाड, आणि कडेला एक पांढराशुभ्र, गोल ठिपका.

ती बघतच राहिली. दार वाजलेलंही तिला कळलं नाही.

"लावलीस का वायर?" तो मागे उभा होता, मानेवर कापलेले केस चिकटलेले.

"तुम्हीच काढलीत."

"हो."

"का?"

"आणली त्याच दिवशी पाहिली. तो ठिपका दिसला आणि वायरच काढून ठेवली. डॉक्टर गुरुवारी सांगणारच आहेत. म्हटलं, तोवर तू तरी नीट झोपशील."

"आणि तुम्ही?"

तिने स्टूल ओढून त्याला शेजारी बसवलं. दोघं त्या ठिपक्याकडे बघत राहिले, एखादा परका माणूस घरात घुसून बसावा तसं.

गुरुवारी डॉक्टरांनी चित्रं भराभर पुढे सरकवली. "स्नायूला सूज आहे. व्यायाम सांगतो."

"आणि हे पांढरं?" तिने बोट ठेवलं.

"ही तेलाची गोळी. दुखतं तिथे त्वचेवर पट्टीने चिकटवतात, चित्रात जागा कळावी म्हणून. एमआरआयच्या वेळी तुम्हाला लावली होती ना?"

नवऱ्याने खांद्याला हात लावला. "लावली होती. मला वाटलं, अशीच."

बाहेर आल्यावर तो मोठ्याने हसला. तीही हसली, डोळे पुसले, मग त्याच्या बरोबरीने चालायला लागली. कोपऱ्यावर मात्र थांबली.

"एक सांगू? 'ड्राइव्ह गेलाय' म्हणताना तुमचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता."

"अगं, तुझ्यासाठीच ना!"

"ते कळलं मला," ती म्हणाली. "पण याआधी काय काय 'गेलंय' म्हणून सांगितलंत, तेच आता आठवतेय."