राजाचा खून कोणाच्या माथी

इस्तारीभाऊचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच तापलं होतं. गावात शंकरपट होता. बैलांच्या शर्यती बघायला आजूबाजूच्या गावांतले पाहुणे जमले होते आणि पटाच्या दिवशी नाटक व्हायचंच, ही रीत. त्यात जनरेटरवाल्यानं दगा दिला, म्हणून यंदा रात्रीचं नाटक दुपारीच लावलं होतं. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं.

नाटक होतं 'विषाचा पेला', एका पेन्शनर मास्तरानं लिहिलेलं, फार जुन्या काळच्या इंग्लंडातलं. भर दरबारात राजाला कोणीतरी विष पाजतं. संशय तिघांवर: राणी, सेनापती आणि बिशप, म्हणजे तिकडचा मोठा धर्मगुरू. मठातला एक जोगी तपास करतो आणि शेवटच्या अंकात खुनी सापडतो.

इस्तारी केस काळे होते तेव्हापासून नाटकाचा प्रॉम्प्टर. झाडीपट्टीतले, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भातले नट पाठांतराच्या भानगडीत पडत नाहीत. रंगमंचाच्या पुढच्या काठाला खड्डा खणतात, त्यात बसून प्रॉम्प्टर वाक्य सांगतो आणि नट ते उचलून गर्जतो. आता इस्तारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे त्याचं शेवटचं नाटक, आणि हौस एकच उरलेली. दरवर्षी तालमी चावडीत व्हायच्या, त्यामुळे पडदा उघडायच्या आधीच गावातलं शेंबडं पोरही शेवट सांगायचं. एकदा तरी मांडवातल्या माणसानं अखेरपर्यंत 'कोण असंल बे?' म्हणत बसावं! म्हणून यंदा त्यानं शेवटचा अंक कोणाला दाखवलाच नाही.

"खड्ड्यातून सांगीन, तसं बोला," एवढंच तो म्हणाला.

झालं, सगळे त्याच्या मागे लागले. खुनी कोण हे जाणून घ्यायची कोणालाच घाई नव्हती. खून आपल्या माथी येऊ नये, एवढीच काळजी.

बिशप झालेला बापूराव अर्धी दाढी चिकटवून आला. "इस्तारीभाऊ, खरं सांगा, मी त नाई ना? माह्या कमलाले पाहाले सिंदेवाहीचे सोयरे येऊन राह्यले. पुढंच बसणार हायेत."

"मंग बसू दे ना."

"त्यायच्यापुढं मी खून करू काय? पोरगी कोण करंल माही?"

"नाटक हाय ना गा ते!"

"तुमच्यासाठी नाटक हाय. सोयरे मले पहिल्यांदा पाहून राह्यले, अन् मी थेट खुनीच?"

राणीचं काम करायला वडशाहून आलेली प्रेमिलाबाई वेणी घालता घालता म्हणाली, "भाऊ, मांगच्या हंगामात नाटकात सासूले छळलं, त बाजारात बाया मले पाहून थुंकल्या. राजाले मी मारणार नाई."

सेनापती झालेल्या नथ्थूला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. "खुन्याले मत कोण देईल, भाऊ?"

"तुले असंही कोण देते बे!"

राजा झालेला सोमाजी तेवढा समंजस निघाला. "मले कोणीबी मारा जी. फक्त मेल्यावर घरी जाऊ काय ते सांगा. बैल उपाशी हायेत."

इस्तारीनं वैतागून सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "तू नाई. जा."

पहिले दोन अंक झकास गेले. खड्ड्यात बसलेल्या इस्तारीला पुढच्या रांगेतली कुजबुज ऐकू येत होती. "राणीच होय." "हट, सेनापती!" म्हाताऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शेवटचा अंक लागला. जोगी झालेल्या लटारूनं बिशपवर बोट रोखलं. "बिशप, पेला तुमच्या हातात होता!"

इस्तारीनं खालून वाक्य सोडलं, "होय, मीच राजाला विष दिलं."

बापूरावनं खड्ड्याकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेतल्या सोयऱ्यांच्या पांढऱ्या टोप्यांकडे पाहिलं.

"मीच विष दिलं, म्हण ना!"

"नाई!" बापूराव गरजला. "मी त त्या दिवशी कीर्तनात होतो! सेनापतीले पुसा!"

नथ्थू कशाला थांबतो? "मी खळ्यावर धानाच्या चुरण्यात होतो! राणीले पुसा!"

"मी माहेरी गेले होते, वडशाले!" राणीनं पदर खोचला.

मांडव हसायला लागला. इंग्लंडचा दरबार पार चावडी झाला होता. तिघं एकमेकांवर खून ढकलत होते, अन् खालून इस्तारी घसा फोडत होता, "बोल बे बापूराव! मीच विष दिलं! अरे, मीच दिलं!" कोणी ढिम्म हलेना.

अखेर त्याचा संयम सुटला. धोतराचा काष्टा आवळत, धुळीनं माखलेला इस्तारी खड्ड्यातून वर चढला आणि दरबाराच्या मधोमध उभा राहिला.

"मीच! मीच विष देलं राजाले! झालं समाधान तुमचं?"

सगळ्या मांडवाच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "बापा बापा! याच्यावर त नजरच नाई गेली!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. इस्तारीला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात लटारू कानाशी आला. "भाऊ, खड्ड्यात त कोणीच नाई. आता मी काय म्हणू?"

"म्हण, धरा या म्हाताऱ्याले."

"धरा या म्हाताऱ्याले!" लटारू गरजला.

आणि सगळ्यांच्या आधी धावत येऊन बिशपनंच त्याचा दंड पकडला.