कोरे डोळे

नावेदने पाठवलेल्या कार्टूनच्या फायली मृणालीने उघडल्या. मिठागरावरची पोर चालत होती, तिची आजी मीठ ओढत होती, खाडीचं पाणीसुद्धा झकास हलत होतं. पण एकाही चेहऱ्याला बुबुळं नव्हती. सगळ्यांचे डोळे पांढरेफटक.

मुलांच्या एका वाहिनीने दोघांना दिलेलं हे पहिलंच काम. अर्धा कार्टूनपट पेणला मृणालीने करायचा, उरलेला रोह्याजवळ वरसे गावात नावेदने, आणि सगळे तुकडे जोडून पुरी फिल्म तिने पाठवायची. ती पसंत पडली तर पुढची अख्खी मालिका मिळणार होती.

"मुद्दाम राखून ठेवलेत डोळे," तिचा भाऊ निकेश म्हणाला. "आता बघ, म्हणंल माझं नाव आधी टाक, मग देतो."

विचारायला तिने फोन उचलला आणि परत ठेवला. चोराला कोण विचारतं, चोरी केलीस का म्हणून? त्याऐवजी तिने वाहिनीच्या अनिता मॅडमना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "कालच नावेद बोलले माझ्याशी." झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणूस पुढचा प्रश्नच विचारत नाही. काय बोलले, हे मृणालीने विचारलं नाही.

तिने दातओठ खात प्रत्येक चेहऱ्यात बुबुळं भरली, सगळे तुकडे जोडले, शेवटच्या पाटीवरून नावेदचं नाव पुसलं आणि फिल्म पाठवून दिली. मग त्याची खरडपट्टी काढायला रोह्याची एसटी पकडली.

"बुबुळं का नाय काढलीस?" तिने दारातूनच विचारलं.

नावेद गोंधळला. "मी कशी काढणार? तुमच्या गणपतीच्या कारखान्यात तुझे बाबाच बोलले ना, रंग कुणीपण देऊ दे, डोळ्यांची आखणी एकाच हाताची पायजे. नायतर मूर्ती दोघांची दिसते. तुझ्या सीनमधले डोळे तुझे, मग माझ्यातलेपण तुझ्यासाठीच ठेवले. तुला वेळ लागंल म्हणून मॅडमकडं मुदत वाढवून मागितली."

मृणालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिनडोळ्यांच्या मूर्ती बापाच्या कुंचल्याची वाट बघत रांगेने उभ्या असतात, हे पाहत ती लहानाची मोठी झाली होती. वरशाच्या पोराला जे एका भेटीत कळलं, ते दत्तात्रेय मूर्तिकाराच्या लेकीला सुचलं नाही, कारण तिला तो चोरच हवा होता.

तिने तोंड उघडायच्या आत नावेदची आई, मुनीराचाची, हात पुसत बाहेर आली. "आलीस गो? दाव बघू तुमचा पिक्चर."

नाही कसं म्हणणार? तिने लॅपटॉप उघडला. चाची अगदी जवळ सरकून बसली. नावेद खूश होऊन म्हणाला, "बघ, कुठं जोडलंय कळत नाय. एकाच हाताचे डोळे!"

शेवटची पाटी आली. मृणालीचं नाव आलं, गेलं, पडदा काळा झाला. चाची तशीच बघत राहिली.

"नावेदचं नाव मागून येतंय काय गो?"

"नाय येत, चाची," मृणाली म्हणाली. "मी काढलं."