नळीचं दुसरं टोक

लॉर्ना वेट्झेलची पिकअप या हिवाळ्यात तिसऱ्यांदा गॅरेजात आली. वर्लिन टोस्टेन्सनने दार उघडलं, तर चालकाशेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, रबरी मॅटवर वाळलेला चिकट डाग होता. त्यात तांबडे केस अडकले होते.

"वासरू?" त्याने विचारलं.

"होतं," लॉर्ना म्हणाली. "परवा पहाटे झालेलं. ओलंचिंब. उचलून इथे ठेवलं, हीटर पूर्ण सोडला आणि गाईकडे बघायला उतरले. इंजिन चालू ठेवूनच. परत येते तर गाडी बंद. मग काही केल्या सुरू होईना. तीन मैल चालत घरी आले, वाऱ्याच्या तोंडावर. ट्रॅक्टर घेऊन परत गेले तोवर गारठून त्याचं लाकूड झालं होतं."

वर्लिनने बॉनेट उघडलं. मार्चमध्ये त्या भागातल्या प्रत्येक पिकअपमध्ये कधी ना कधी वासरू असतंच, आणि ते जगतं ते उभ्या गाडीच्या गरम हवेवर. उभी असताना बंद पडणारी गाडी लॉर्नाच्या काहीच कामाची नव्हती.

"अजून ऐंशी गाई व्यायच्या आहेत," ती म्हणाली. "आज नाही जमलं तर तसं सांग. शाळेपासून ओळखते तुला, रागावणार नाही. पण खोटी आशा लावू नकोस."

"आज होईल."

"हे तू जानेवारीतही म्हणाला होतास."

त्याने डॅशबोर्डखाली स्कॅनर जोडला. तेच दोन कोड पुन्हा आले होते, एकशे एकाहत्तर आणि एकशे चौऱ्याहत्तर. म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हवा जास्त आणि पेट्रोल कमी. जानेवारीत त्याने हवा मोजणारा सेन्सर बदलला होता, फेब्रुवारीत पेट्रोलचा पंप. दोन्ही वेळा आठवड्याभरात डॅशबोर्डवरचा बिघाडाचा पिवळा दिवा पुन्हा लागला.

खरं तर आकडे पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होते. गाडी नुसती उभी असली की कॉम्प्युटर चोवीस टक्के जादा पेट्रोल ओतत होता. इंजिनाचा वेग मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर नेला की तोच आकडा पाचावर यायचा. पंप कमजोर असता तर उलट झालं असतं, जोर लावल्यावर उपासमार वाढली असती. उभ्या गाडीत जास्त आणि वेगात कमी म्हणजे कुठेतरी भोक आहे आणि त्यातून न मोजलेली हवा आत शिरते आहे. इंजिन थोडी हवा घेतं तेव्हा ते भोक मोठं ठरतं, भरपूर घेतं तेव्हा नगण्य. हे वर्लिन स्वतः दुसऱ्यांना समजावून सांगायचा.

पण भोक असेल तर ते फुसफुसतं. आणि वर्लिनने दोन्ही वेळा इंजिनाचा इंच न् इंच ऐकला होता.

बाकीचे लोक इंजिनावर ज्वलनशील द्रवाचा फवारा मारून गळती शोधतात. वर्लिनने एकोणीसशे शहाऐंशी साली तसा मारला, गरम नळकांड्यावर भडका उडाला आणि एका पाद्र्याच्या गाडीचं बॉनेट जळालं. तेव्हापासून त्याचं हत्यार एकच: तीन फूट रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं इंजिनावर फिरवायचं. तिखट कानाचा माणूस म्हणून चार तालुक्यांत नाव होतं त्याचं. स्कॅनर सांगतो काय झालंय, कान सांगतो कुठे झालंय, असं तो म्हणायचा. त्याचा कान जिथे नाही म्हणाला, तिथे कोणी पुन्हा पाहत नसे. तोसुद्धा.

त्याने इंजिन सुरू केलं, नळी कानात घातली आणि वाकला. झडपांची टकटक ऐकू आली. पट्ट्याची घरघर. हवेच्या नळकांड्याच्या कडेने तो सावकाश फिरला, व्हॅक्यूमच्या प्रत्येक जोडापाशी थांबला, मग हात लांब करून टोक पार मागे, केबिनला लागून असलेल्या अंधाऱ्या फटीत नेलं. काही नाही. पुन्हा एकदा फिरला. काही नाही.

"सापडली जागा?" लॉर्नाने विचारलं. ती कॉफीचा कप घेऊन बाकावर बसली होती.

"गळती नाहीच आहे. माझ्या मते आता कॉम्प्युटरच..."

"मग ही शिट्टी कसली?"

वर्लिनने नळी कानातून काढली. "कसली शिट्टी?"

"थट्टा करतोस का?"

"कसली शिट्टी, लॉर्ना?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग कप बाकावर ठेवून उठली. "नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून वाजतेय. चहाच्या किटलीसारखी. गाडी उभी असली की जास्तच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला? तू कानात नळी घालून बसलेला, आणि मी तुला सांगू शिट्टी वाजतेय म्हणून?"

त्याने नळी तिच्या हातात दिली. तिने ती नाक मुरडत बाहीला पुसली आणि कानाला लावली. इंजिनाची तिला काहीच माहिती नव्हती. टोक इकडे तिकडे फिरवलं, मागे नेलं, आणि अर्ध्या मिनिटात डोकं झटक्याने बाजूला घेतलं.

"इथे. बाई गं, कान फाटला."

तिने दाखवलेली जागा तीच, मागची, अंधारी फट. वर्लिनने बोटं आत सरकवली. इंजिनाचा वाफारा परत आत नेणाऱ्या रबरी नळीचा कोपरा खालून मऊ पडून चिरला होता. चिरेवर त्याने अंगठा दाबला. इंजिनाची थरथर एकदम शांत झाली. ते त्याला तळहाताला कळलं. स्कॅनरवरचे आकडे उतरू लागले.

"थांबली," लॉर्ना म्हणाली.

अंगठा काढला.

"सुरू झाली."

पुन्हा दाबला.

"थांबली. वर्लिन, खरंच ऐकू येत नाहीये तुला?"

गेल्या वसंतात बायको आर्डिस खिडकीशी उभी राहून म्हणाली होती, चंडोल आले, ऐक. तो म्हणाला होता, कुठले आलेत, फवारण्यांनी मेले सगळे. आणि ती गप्प बसली होती. ती तेव्हा का गप्प बसली, ते त्याला आत्ता, अंगठा चिरेवर असताना कळलं.

नवा कोपरा बसवायला वीस मिनिटं लागली. जादा पेट्रोलचा आकडा दोनवर येऊन थांबला. त्याने कोड पुसले.

"वासराबद्दल..." तो म्हणाला.

"राहू दे."

"मी जानेवारीतच तिथे नळी धरली होती. अगदी तिथेच."

"राहू दे म्हटलं ना." पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मॅट बाहेर काढली आणि कोपऱ्यातल्या नळाखाली घासायला बसली.

वर्लिन हात पुसत उभा राहिला. पुसता पुसता त्याचे हात थांबले. गेल्या ऑगस्टमध्ये त्याने शाळेच्या दोन्ही बस तपासून सही केली होती. बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि त्या हवेची गळती नियमाप्रमाणे दाबाचं गेज लावून, घड्याळ पाहून तपासायची असते. ते त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. बसखाली आडवा पडून तो ऐकायचा. गेजच्या आधी कानाला कळायचं. त्या वेळी दोन्ही बसखाली पूर्ण शांतता होती, आणि त्याला तिचा अभिमान वाटला होता.

त्याने शाळेत फोन लावला. कार्यालयात मर्ना होती.

"मर्ना, बस बाहेर काढू नका. दोन्ही. दुसऱ्या कोणाकडून तरी ब्रेक तपासून घ्या."

"का? तुम्हीच तर तपासल्यात."

"नुसत्या कानाने तपासल्यात."

"मग? नेहमी तशाच तपासता की तुम्ही."

"हो," वर्लिन म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

"मग मोठ्याने बोलू का?"

"तसं नाही, मर्ना. बस थांबव."

पलीकडे ती काहीतरी म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं.

"निघाल्या म्हटलं, साडेआठलाच. बास्केटबॉलचा सामना आहे ना नदीपलीकडे. एका बसमध्ये संघातल्या मुली, दुसरीत बाकी सगळी शाळा. घाटात फोन लागत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. पोचल्यावर ड्रायव्हर करतील फोन."

"किती वाजता पोचतील?"

"साडेदहा. काय झालंय काय?"

भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते. नदीकडचा उतार सात मैलांचा आहे. वर्लिनने शेरीफच्या कार्यालयाचा नंबर फिरवला, बस अडवायला उतारावर गाडी पाठवायला सांगितली. पलीकडच्याने दोनदा कारण विचारलं आणि त्याने दोनदा तेच सांगितलं. मग फोन ठेवला. करण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं.

लॉर्नाने मॅट पिकअपमध्ये टाकली होती. जायचं सोडून ती त्याच्या शेजारी येऊन दारात उभी राहिली. समोर कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीचा एक चंडोल बसला होता. मान वर करून चोच उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा.

"फोन वाजला तर सांग मला," वर्लिन म्हणाला.