गोट्याला झालेला रोग

"मणी खोटं बोलत नाही!" टिनाच्या मंडपात भोंगा घुमला. "सकाळी मोहरीएवढा, दुपारी बोराएवढा! पाताल का मणी है, भाई, अंदर का जहर खींच लेता है. डॉक्टर कापते, मणी ओढते!"

आर्णी-दारव्हा रस्त्याच्या कडेला दर गुरुवारी मणीबाबाचा दरबार भरायचा. सोयाबीन घरात येऊन पडलं होतं, त्यामुळे त्या गुरुवारी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाला गळू, कुणाला जखम, कुणाला इसब. बाबा डोळे मिटून एक पांढुरका दाणा दुखऱ्या जागेवर ठेवी, वरून हळदीच्या तीर्थात भिजवलेली पट्टी बांधी. सेवक दर अर्ध्या तासाने पट्ट्या ओल्या करत फिरत. दुपारी पट्टी सुटली की दाण्याच्या जागी पिवळा, थलथलीत गोळा निघे. "हा पाहा रोग!" बाबा तो चिमटीत उंच धरी आणि हजार हात जोडले जात.

सगळ्यांच्या मागे उपकेंद्रातली नर्स शीला उभी होती. दर्शनाला नव्हे, हरवलेला पेशंट शोधायला.

पेशंट म्हणजे वामनराव. बारा वर्षांची शुगर, पाय बधिर झालेले. वावरात तुरीचा खुटा तळपायात घुसला तरी त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं. शीलानं महिनाभर ती जखम धुतली, मेलेली कातडी काढली, वर औषध भरलेलं जेल लावलं. जखमेचा रंग गुलाबी व्हायला लागला, तोच वामनराव यायचे बंद झाले.

ते एका खांबाला टेकून बसलेले दिसले. पायाला पिवळी पट्टी, शेजारी बायको इंदूबाई.

"काका, तीन हप्ते झाले. ड्रेसिंगले काहून नाही आले?"

वामनरावांनी मान फिरवली. इंदूबाईच बोलल्या, "पोरी, तुह्या जेलानं होतही असन. पण दिसत त काहीच नाही! अठी रोग डोयानं दिसते."

शीला संतापली. राग बाबाचा होता, तसा स्वतःचाही. महिनाभर ती "बरं होऊन राह्यलं" एवढंच म्हणत आली होती. काय आणि कसं बरं होतंय, हे तिनं एकदाही दाखवलं नव्हतं. ती पायाशी वाकली. हळदीच्या वासाखाली दुसराच वास होता. करंगळी काळी पडली होती.

"काका, आत्ताच्या आत्ता यवतमाळले चला. मी गाडी बलावतो."

"मणी सोडल्याबिगर उठत नाही. चौथा गुरुवार हाये." वामनराव खालच्या आवाजात म्हणाले, "माहा मणी फुगतच नाही, बाई. बाबा म्हणते, श्रद्धा कमी पडून राह्यली."

बारा एकर कपाशीचा मालक नापास पोरासारखा बोलत होता. शीलानं एकशे आठला फोन लावला, गाडी रस्त्यावर आणवली. पण वामनराव हलेनात, आणि त्यांना उचलायला मंडपातला एकही माणूस पुढे येईना. "देवाच्या कामात आडवी कायले येते?" वरून हेच ऐकावं लागलं.

नाइलाजाने ती तिथेच बसली आणि बघू लागली. सेवकांजवळ दोन भांडी होती, मातीचा माठ आणि स्टीलची घागर. बहुतेकांच्या पट्ट्या माठातल्या पाण्याने भिजत. ज्यांची जखम काळी, खोल, त्यांच्या मात्र घागरीतल्या. वामनरावांचीही घागरीतलीच.

तिनं भाविक होऊन दोन्हीकडचं तीर्थ मागितलं. माठातलं साधं हळदीचं पाणी होतं. घागरीतलं जिभेला लागताच तिनं तोंड वाकडं केलं. खारट!

शेजारी तांड्यावरची रुपीबाई मनगटावरच्या गळवाला मणी बांधून बसली होती. घरी बांधायला म्हणून तिला आणखी दोन मणी प्रसाद म्हणून मिळाले होते.

"रुपीबाई, ते दोन दाणे द्या मले. माह्याकडे दोन पेशंट हायेत."

रस्त्याच्या कडेचे दोन गोटे उचलून शीलानं त्यांवर एकेक दाणा बांधला. एका पट्टीला माठातलं पाणी, दुसरीला घागरीतलं. अर्ध्या अर्ध्या तासाने तीही पट्ट्या भिजवत राहिली. उन्हात गाडी उभी, आत पाय सडतोय, आणि आपण मांडीवर गोटे घेऊन बसलोय! तिला रडू येईल की काय असं झालं.

दुपारी पट्ट्या सुटल्या. रुपीबाईचा मणी बोराएवढा निघाला, जयजयकार झाला. वामनरावांचा ज्वारीच्या दाण्याएवढाच.

"मणी सच्चा है, वामनराव," बाबा हसला. "मन कच्चा है."

शीला उठली. "बाबा, माह्या पेशंटच्याही पट्ट्या सोडा." आणि तिनं दोन्ही गोटे त्याच्यापुढे ठेवले.

बाबाचा हात थांबला. रुपीबाईनंच पुढे होऊन पहिली पट्टी सोडली. पिवळाधम्मक, टपोरा मणी!

"गोट्याले कोणता रोग झाला, बाबा? शुगर का गळू?"

कुणीतरी फसकन हसलं. दुसरी पट्टी सुटली. मणी इवलासाच.

"आन या गोट्याची श्रद्धा कमी पडली का?"

मंडप हसला. शीलानं दोन्ही भांडी पुढे ओढली. "चाखून पाहा. हा दाणा पाणी पितो, बस. संत्र्याच्या झाडाच्या बुडाशी ओल धरायले जे दाणे टाकतात ना, कृषी केंद्रात भेटते, त्यातलाच प्रकार. साध्या पाण्यात फुगते, मिठाच्या पाण्यात फुगत नाही. जो माणूस बरा होणार नाही असं बाबाले वाटते, त्याले मिठाचं पाणी. म्हंजे दोष त्याचा!"

"बाईनं गोट्यावर मंतर मारला!" मागून एकजण ओरडला. त्यालाही चारदोन माना हलल्याच. पण इंदूबाईंनी घागरीत बोट बुडवून जिभेला लावलं होतं. त्यांनी नवऱ्याच्या काखेत हात घातला. "उठा," एवढंच म्हणाल्या.

यवतमाळच्या दवाखान्यात वामनरावांची दोन बोटं काढावी लागली. तीन आठवडे आधी आले असते तर बोटं शाबूत राहिली असती, असं डॉक्टर म्हणाले. उरलेल्या जखमेवर त्यांनी कोलेजन नावाच्या प्रथिनाचा जाळीदार तुकडा बसवला. त्याच्या आधाराने नवं मांस चढतं आणि जाळी हळूहळू अंगातच विरते. बाबाने दिग्रस रोडला नवा मंडप घातल्याचं शीलाच्या कानावर आलं.

वामनराव पुन्हा ड्रेसिंगला येऊ लागले. एकदा त्यांनी विचारलं, "बाई, तुह्या जेलातही पाणी धरणारीच चीज हाये म्हणतं. मंग बाबाच्या मण्यानं काहून नाही झालं?"

"चांगलं इचारलं, काका." शीलानं पट्टी कापता कापता सांगितलं, "माह्या जेलात औषध हाये, ते जखमेवरच थोडं थोडं सुटते. पण जेल एकटं काहीच करत नाही. मी सडलेलं काढतो, शुगर पाहतो, दर हप्त्याले जखम मोजतो. वाढली त माहं चुकलं, मले उपाय बदलावा लागते. बाबाचं कधी चुकलं का? दर खेपी तुमचंच चुकलं."

बाकावरचे चार पेशंट ऐकत होते. ती त्यांच्याकडेही वळली. "मलेही इचारत जा, मोजून दाखव म्हणा. आन जेथं उपाय कधीच चुकत नाही, फक्त तुम्हीच चुकता, तेथून उठा. पाचव्या गुरुवारची वाट पाहू नका."