आरसा जरा खाली घ्या

पाळणाघरातली पोरं तिला ताई म्हणत, पोरांचे आईबाप ताई म्हणत, आणि पुढं पुढं गल्लीतले लोकही ताईच म्हणायला लागले. दिवसभर पोरांची रडारड आणि भांडणं निस्तरून ती घरी यायची, तेव्हा घरात आणखी दोन पोरं तिची वाट बघत असायची. एक सासूबाई, दुसरा नवरा.

नवरा रंगारी. या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आले आणि लगेचच एका जिन्याचं छत रंगवताना तो शिडीवरून पडला. उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये गेला आणि माणूस पलंगावर. घरात बसायची सवय नसलेला हा गडी आता दिवसभर पंख्याच्या आवाजापासून चहाच्या रंगापर्यंत सगळ्यावर बोट ठेवायचा. सासूबाई मुलाचं बघायला म्हणून आल्या होत्या, आणि गप्प बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मुलगा एक बोलला की त्या दोन बोलायच्या. मग दोघंही रुसायचे आणि ताई दारात चपला काढायच्या आत आपापली फिर्याद मांडायचे. नवऱ्याची बाजू घ्यावी तर सासूबाई जेवत नसत. सासूबाईंची घ्यावी तर नवरा भिंतीकडे तोंड करून पडे. इकडे आड, तिकडे विहीर.

"हे घरच आम्हाला लाभलं नाही," ताई एकदा पाळणाघरात म्हणाली. तिथल्या मैत्रिणीनं लगेच तिच्या ओळखीच्या फेंगशुईवाल्या बाईंचा नंबर दिला.

बाई सुट्टीच्या दिवशी सकाळी आल्या. ठेंगण्या, मऊ आवाजाच्या, हातात एक होकायंत्र. सासूबाईंना काहीतरी मोठा अवतार येईल असं वाटलं होतं. "या तर पोस्टातल्या बाईंसारख्या दिसतात," त्या कुजबुजल्या, आणि त्यांची कुजबूज म्हणजे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाणारी. बाई नुसत्या हसल्या.

दारातच त्या थांबल्या. तिथं रंगाचे डबे, ब्रश, जुनी वर्तमानपत्रं आणि चपला यांचा ढीग होता.

"घरातली ऊर्जा या दारानं आत येते. तिला वाट हवी."

"इथं माणूसच अडखळतो, तिथं ऊर्जेचं काय घेऊन बसलात!" सासूबाई म्हणाल्या.

मग बाईंनी स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ दुरुस्त करायला सांगितला, तुळईखालचा पलंग सरकवायला सांगितला, फुटके कप टाकून द्यायला सांगितले. सासूबाईंचा चेहरा फुलत चालला होता.

"हेच मी आल्यापासून ओरडतेय! मी बोलले की कटकट, यांनी सांगितलं की शास्त्र!"

शेवटी बाई खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. गल्ली तिथं किंचित वळत होती, त्यामुळे समोरच्या इमारतीचा कोपरा थेट यांच्या खिडकीवर रोखल्यासारखा दिसायचा.

"असा टोकदार कोपरा घरावर रोखलेला असला की त्याला आम्ही विषारी बाण म्हणतो," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या बाजूला छोटा आरसा लावा. जे येतंय ते आल्या वाटेनं परत जाईल."

बाई गेल्यावर नवरा खूप दिवसांनी हसला. "एवढा मोठा बाण, आणि ढाल काय बशीएवढी लावायची? थांब." आधीच्या भाडेकरूंनी मागं टाकलेलं एक कपाट होतं. त्याच्या दाराचा आरसा त्यानं डाव्या हातानं सोडवला. आई धरून उभी राहिली. "नीट धर", "तूच नीट सोडव" असं करत, एकमेकांवर खेकसत दोघांनी तो मोठा आरसा खिडकीच्या गजांना बाहेरून तारेनं आवळून बांधला.

ताई मागं उभी राहून बघत होती. मनात म्हणत होती, जा गं पीडे, जिथून आलीस तिथं जा. नवऱ्याचं पडणं, ही रोजची भांडणं, सगळं तिनं मनातल्या मनात त्या कोपऱ्याकडे परत पाठवून दिलं. तिथं कोण राहतं, हा विचार तिच्या डोक्यात आला नाही. येता-जाता ती त्या इमारतीकडे अशी बघायची, की जणू त्या इमारतीनं तिचं काही घोडं मारलं होतं.

दार मोकळं झालं, नळ गप्प झाला. घरात थोडं बरं वाटायलाही लागलं. आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दाराची बेल वाजली.

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. तीन जिने चढून धाप लागली होती. बोटांना सुकलेल्या डिंकाचे पापुद्रे चिकटलेले.

"मी समोरच्या कोपऱ्यावर राहतो, पहिल्या मजल्यावर. पुस्तकं बांधतो," ते म्हणाले. "तो आरसा तुमचाच ना?"

ताईनं मनात म्हटलं, आता भांडण. कुणीतरी यांना आरशाचा अर्थ सांगितला असणार. सासूबाईंनी तर पदर खोचला.

"आमचाच," त्या पुढं होत म्हणाल्या. "का? आमच्या खिडकीला आम्ही काही लावू."

"नाही नाही, लावा की! मी विनंती करायला आलोय." म्हाताऱ्यांनी हात जोडले. "तो जरा खाली झुकवाल का?"

कुणालाच काही कळेना. ताईनं त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन ते सांगायला लागले. त्यांची बायको घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. आता खिडकीलगतच्या पलंगावर पडून असायची. डॉक्टर म्हणत होते, रोज थोडं उठा, थोडं चाला. पण तिचा जीवच कशात लागत नव्हता. त्यांची खोली अशी, की सकाळचं ऊन त्यांच्याच इमारतीनं अडवलेलं आणि दुपारचं ताईच्या इमारतीनं. दिवसासुद्धा दिवा लावायचा.

"आणि परवा सकाळी काय झालं, आमच्या खिडकीच्या चौकटीवर ऊन! मी आधी म्हटलं, आग लागली की काय. मग तुमचा आरसा दिसला. तिची नुसती नजर लागून राहिलीय त्या उन्हावर. पण ते वरच्या फळीवरच पडतं. एक तिरीप आत येते आणि जाते. काल ती मला म्हणाली, 'अहो, हातभर खाली आलं असतं तर माझ्या पांघरुणावर आलं असतं.' इतक्या दिवसांत तिनं स्वतःहून काही मागितलेलं हे पहिलंच. म्हणून आलो." ते उठले. "जमलं नाही तरी राग नाही. आहे तेवढ्यासाठीच तुमचे उपकार मानायला यायचं होतं."

उपकार हा शब्द ताईला सुईसारखा टोचला. "बघतो हं, काका," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

ते गेल्यावर सासूबाई आणि नवरा चक्क एका बाजूला झाले. आरसा झुकवायचाच. ताई मात्र घुटमळली. इतक्या दिवसांनी घर जरा शांत झालेलं. बाईंनी सांगितलेलं मोडलं आणि सगळं पहिल्यासारखं झालं तर? आणि झुकवलं नाही तर त्या माउलीला तोंड कसं दाखवायचं? शेवटी तिनं बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आपण मनात काय काय परत पाठवलं होतं तेही.

"मी त्या दिवशी कोपरा बघितला," बाई म्हणाल्या. "खोली बघितली नाही. माझंच चुकलं. झुकवा ताई, बिनधास्त झुकवा. घर म्हणजे काही किल्ला नाही."

दुसऱ्या दिवशी ताईनं पाळणाघरात उशिरा येते म्हणून कळवलं. समोरच्या छतावरून ऊन या खिडकीवर आलं, तसा नवऱ्यानं डाव्या हातानं वरची तार सैल केली. सासूबाईंनी आरशाची खालची कड धरली. ताई दुसऱ्या खिडकीतून अर्धी बाहेर झुकली. समोर पहिल्या मजल्यावर बाइंडरकाका दोन्ही हात हलवत उभे होते.

"खाली! जरा खाली घ्या! अजून!"

उजेडाचा चौकोन समोरच्या भिंतीवरून लटपटत खाली आला, मध्येच दुसऱ्याच खिडकीत शिरला. तिथं दाढी करणाऱ्या एका माणसानं डोळ्यांवर हात घेऊन आरोळी ठोकली.

"अरे डावीकडे, डावीकडे! त्याचा गाल कापला जाईल!" सासूबाई ओरडल्या.

"आई, तू कड सोडलीस!"

"सोडली नाही, हात अवघडला माझा!"

खाली इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून रस्त्यावर आला आणि मान वर करून हुकूम सोडायला लागला. "उजवीकडे दोन बोटं! बास! आता खाली! खाली! थांबा!"

चौकोन थांबला. खिडकी भरून ऊन आत गेलं. बाइंडरकाका वळून आत बघत राहिले, आणि त्यांचे हलणारे हात तसेच हवेत राहिले.

मग पांघरुणातून एक बारीक हात वर आला. त्यानं उन्हात बोटं पसरली, उलटसुलट केली, जशी बाई नवी बांगडी बघते तशी. ताईनं ते बघितलं आणि तिला पुढचं धूसर दिसायला लागलं.

"मावशी, जमलं!" इस्त्रीवाला ओरडला. "तार आवळा आता!"

तार आवळली, पण काम संपलं नाही. सूर्य काही यांच्या सोयीनं चालणारा नव्हता. थोडा वेळ गेला की ऊन खिडकी चुकवून भिंतीवर पडायचं, आणि मायलेकांना पुन्हा आरसा हलवावा लागायचा. ते दोघांचं रोजचं कामच होऊन बसलं. सकाळी चहा घेतानाच चर्चा सुरू. आज किती सरकेल, कालची गाठ ढिली झाली का, ढग आहेत का. ढग असले की सासूबाई आभाळाला बोल लावायच्या. मुलाची त्यातून सुटका व्हायची. ताई संध्याकाळी घरी यायची, तेव्हा फिर्यादींच्या जागी बातम्या असायच्या. "आज काकू उठून बसल्या." "आज त्यांनी उन्हात केस विंचरले." "आज वॉकर घेऊन खिडकीपर्यंत आल्या आणि मला हात केला, मला!" हे शेवटचं सासूबाईंचं. त्या आता रोज दुपारी काकूंकडे जाऊन बसत. दोघी एकमेकींना आपापल्या नवऱ्यांच्या खोड्या सांगत. एकीचा नवरा समोरच चोपडी शिवत बसलेला असे आणि दुसरीचा केव्हाच वर गेलेला, पण दोघींच्या बोलण्यात त्यानं काही फरक पडत नसे.

ताईनं मात्र काकूंना अजून खरं सांगितलं नव्हतं. प्रत्येक वेळी ओठांवर यायचं आणि काकू आधीच "बाळा, तुझे किती आभार मानू" म्हणून सुरू व्हायच्या.

शेवटी ते सासूबाईंच्या तोंडून गेलं. काकू पहिल्यांदाच तीन जिने चढून आल्या होत्या. काठी एका हातात, दुसरा हात काकांच्या खांद्यावर, प्रत्येक वळणावर थांबत. सगळे चहा पीत बसले होते. काकू पुन्हा आभार मानायला लागल्या, तशा सासूबाई म्हणाल्या, "अहो कसले आभार! तो आरसा तुमच्याकडे पीडा परत पाठवायला लावला होता आम्ही!"

नवऱ्यानं आईकडे बघून कपाळाला हात लावला, तोही प्लास्टरचा.

"काकू, खरं आहे ते," ताई म्हणाली. "तुम्ही तिथं आहात हे मला माहीतच नव्हतं. मी विचारही केला नाही."

काकूंनी बशी खाली ठेवली. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला. त्या हसत होत्या. हसता हसता खुब्याला हात लावून "आई गं" म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

"अगं, पाठवली असशील," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण ती वाटेत पत्ता चुकली असणार. आमच्याकडे काही पोचली नाही. आमच्याकडे नुसतं ऊन आलं."

त्यांनी ताईला जवळ बोलावलं आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आणि पोरी, माहीत नसताना लावलास, ते ठीक. माहीत झाल्यावर रोज हलवलात. मी आभार मानते ते त्याचे."

"मग मलाही मानू द्या," ताई म्हणाली. "हे दोघं एका खोलीत गप्पा मारत बसतात, हे मी लग्नानंतर पहिल्यांदा बघतेय. ते तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे कसं? मी तर नुसती पडून होते!"

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या मुलानं आईचं बोलणं खोडून काढलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर रंगाऱ्यानं पहिलं काम धरलं ते बाइंडरकाकांच्या खोलीचं. मनगट अजून पुरतं वळत नव्हतं, म्हणून छत त्यानं आपल्या एका जोडीदाराला दिलं आणि भिंती स्वतः घेतल्या. काका म्हणाले, तुम्ही सांगाल तो रंग. त्यानं पांढऱ्यात थोडा पिवळा मिसळला, जेणेकरून आलेलं ऊन खोलीभर फिरेल. सामान मधोमध ओढून त्यावर चादरी टाकल्या होत्या. काकू एका स्टुलावर बसून कुठं डाग राहिला ते काठीनं दाखवत होत्या. सासूबाई त्यांच्या शेजारी, तेच काम बोटानं करत.

ताई पाळणाघरातून परस्पर तिकडेच आली. दारात उभी राहून तिनं आत बघितलं. ओल्या रंगाचा वास, जमिनीवर पसरलेली वर्तमानपत्रं, आणि कानाला रंग लागलेला तिचा नवरा शीळ घालत होता.

"अशी दारात काय उभी?" काकू म्हणाल्या. "आत ये. आणि तुझ्या त्या फेंगशुईवाल्या बाईंना फोन लाव बरं. म्हणावं, काकूंनी चहाला बोलावलंय. भिंती सुकल्या की या."

ताईनं पर्समधून फोन काढला.